तिखटमिठाचा जमाखर्च

एखादी गोष्ट रंगवून सांगायची झाली की आपण ती 'तिखटमीठ लावून' सांगतो. आमच्या बँकेत सकाळी एखाद्या ग्राहकाने काउंटरवर जरा आवाज चढवला, तर डबे उघडेपर्यंत ती बातमी तिखटमीठ लागून मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये पोहोचते, आणि संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत तिच्यावर लिंबूही पिळून झालेलं असतं. मूळ ग्राहक बिचारा 'पासबुक भरून द्या' एवढंच म्हणालेला असतो. ज्या समाजात साऱ्या जगाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली जाते, तिथे खुद्द तिखटमिठाची गोष्ट कुणी सांगू नये, हा त्या पदार्थावर अन्याय आहे.

तो दूर करायला मी बसलो आहे. माझी पात्रता विचाराल, तर मी बी.कॉम. इतिहासाचा आणि माझा संबंध दहावीत संपला, तोही उभयपक्षी समजुतीने. पण वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दोन गोष्टी पक्क्या कळतात. व्हाउचर असल्याशिवाय एंट्री करायची नाही. आणि एकाच्या खात्यात काही जमा पडलं असेल, तर ते कुणाच्या तरी नावे पडलेलं असणारच. हे दोन नियम पाळले तर इतिहास लिहिणं फारसं अवघड नसावं.

मी राहतो डहाणूला आणि नोकरी तलासरीच्या शाखेत. दोन्ही तालुके पालघर जिल्ह्याच्या पार उत्तरेला, एकमेकांना चिकटून, पुढे गुजरात. (जिल्हाही ताजाच आहे. १ ऑगस्ट २०१४ ला तो ठाण्यातून वेगळा निघाला. आमच्या काही छापील फॉर्मांना ही बातमी पोहोचायला बराच काळ लागला.) डहाणूच्या वाट्याला समुद्र आणि रेल्वे आली, तलासरीच्या वाट्याला डोंगर आणि मुंबई-अहमदाबाद हमरस्ता. २०१३ साली चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. तेव्हापासून रविवारी मुंबईकर समुद्र बघायला आमच्याकडे येतो. मुंबईला समुद्र नाही अशी त्याची समजूत असावी. समुद्राकडे तो साधारण चार मिनिटं बघतो. मग त्याला टोपली दिसते.

टोपलीत ऋतूप्रमाणे कैरी असते, पेरू असतात, काकडी असते, अननसाच्या चकत्या असतात. शेजारी शेगडीवर मक्याची कणसं असतात. आणि बारा महिने न बदलणारी एक डबी असते, तिखटमिठाची. कणसाला तिखटमीठ लावायची रीत पाहण्यासारखी आहे. मावशी कणीस निखाऱ्यावर फिरवते, फडक्याने राख झटकते, मग लिंबाची अर्धी फोड डबीत दाबते आणि दाण्यांवरून वरपासून खालपर्यंत घासत नेते. म्हणजे लिंबू हा मसालाही आणि ब्रशही. फोड दाबली की रस सुटतो, रसाने तिखट भिजतं, मीठ विरघळतं आणि सगळं मिळून दाण्यांच्या फटीत जाऊन बसतं. नुसतं कोरडं भुरभुरलेलं तिखट कणसावर टिकत नाही, शर्टावर टिकतं. पेरूचं तंत्र निराळं. तो चार पाकळ्या होतील असा चिरायचा, पण देठाशी जोडलेला ठेवायचा, आणि तिखटमीठ आत भरायचं. हल्ली टोपलीच्या कडेला क्यूआर कोडचा पुठ्ठा लटकतो. वीस रुपये जमा झाल्याचं फोन ओरडून सांगतो आणि मावशींचा हिशेब तिथल्या तिथे जुळतो. आमचा जुळायला संध्याकाळ होते.

पिण्याच्या खात्यावरही हीच त्रिमूर्ती आहे. सोडावाला पेल्यात लिंबू पिळतो, काळं मीठ, जिरेपूड आणि चिमूटभर तिखट टाकतो आणि वरून सोडा सोडतो; फेस पेल्याबाहेर यायच्या आत तोंड लावणं हे गिऱ्हाइकाचं कसब. घरी ताकात हिरवी मिरची ठेचून पडते. ताडी आंबली की मुळातच आंबट, त्यामुळे तिला लिंबू लागत नाही. तिच्याबरोबर तिखटमीठ लावलेले चणे किंवा भाजलेला सुका बोंबील चालतो. (ही शेवटची माहिती मला ग्राहकांकडून मिळालेली आहे आणि ग्राहकांची माहिती गुप्त ठेवणं हे माझं कर्तव्य आहे.)

हे सगळं आपलंच, वाडवडिलांपासून चालत आलेलं, असं मानून आम्ही सुखाने खात होतो. मागच्या मे महिन्यात हिच्या बहिणीचा मुलगा टेक्सासहून आला आणि त्याने हे सुख घालवलं. सामानातून त्याने प्लॅस्टिकची एक बाटली काढली. आत लाल पूड.

"काका, हे टेस्ट करा. ताहीन! तिकडे सगळे फळांवर हेच घालतात."

त्याने ती पूड आमच्याच पेरूवर, आमच्याच बशीत, मोठ्या थाटात भुरभुरली. हिनं एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि निकाल दिला.

"अरे, हे तिखटमीठ आहे. लिंबू वाळवून घातलंय, एवढंच."

निकाल अचूक होता. ताहीन म्हणजे सुकी मिरची, लिंबू आणि मीठ. मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांतात ही कंपनी १९८५ साली निघाली आणि आता तिच्या बाटल्या साऱ्या अमेरिकेत जातात. तिच्या कितीतरी आधीपासून मेक्सिकोतला फेरीवाला आंबा, काकडी, अननस आणि मक्याचं कणीस मिरची-मीठ-लिंबू लावूनच विकत आला आहे. तिकडे बिअरमध्येसुद्धा लिंबू पिळून पेल्याच्या काठाला मीठ आणि तिखट लावतात. म्हणजे आमच्या सोडावाल्याचाच चुलतभाऊ, फक्त मोठ्या पगारावर.

"आपल्याकडूनच नेलं असणार," ही म्हणाली. जगातली प्रत्येक चांगली गोष्ट इकडून गेली, ह्या सिद्धान्ताबद्दल आमच्या घरात कधी मतभेद नव्हते.

"मावशी," भाचा म्हणाला, "मिरची मुळात मेक्सिकोची आहे."

घरात शांतता पसरली. कोल्हापूरच्या माहेरवाशिणीला मिरची मेक्सिकोची आहे असं तिच्याच स्वयंपाकघरात उभं राहून सांगायला धैर्य लागतं. हिनं माझ्याकडे पाहिलं. संसारात असे प्रसंग येतात की माणसाला खाती उघडावीच लागतात. ती उघडून मी जो जमाखर्च मांडला, तो असा.

पहिलं खातं मिरचीचं. मिरची मेक्सिकोचीच. तिथली माणसं सहा हजार वर्षांहून अधिक काळ तिची लागवड करत आली आहेत. १४९२ साली कोलंबस निघाला तो आपल्याकडची मिरी शोधायला. पोहोचला भलतीकडे, पण मिरी आणतो असं राणीला सांगून निघालेला माणूस मोकळ्या हाताने परत कसा जाणार? तिथे तिखट शेंग दिसली, तिलाच त्याने मिरीचं नाव देऊन टाकलं. टार्गेट पूर्ण करण्याची ही पद्धत आमच्या खात्यात आजही प्रचलित आहे. इंग्रज अजून दोन्हींना 'पेपर' म्हणतो. त्याला हसायचं कारण नाही. आपणही 'मिरी'वरूनच 'मिरची' केली आहे. दोन टोकांची माणसं, एकमेकांना न विचारता, एकाच नावाशी आली.

तोपर्यंत आपल्याकडे तिखटपणा नव्हता असं नाही. मिरी होती, पिंपळी होती, आलं-सुंठ होती. पण मिरी मलबारच्या ओल्या डोंगरात, दुसऱ्या झाडाच्या आधाराने वेलीवर वाढणारी, व्यापाऱ्याच्या तराजूतून येणारी, महाग वस्तू. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५३४ च्या तहात वसई मिळवली आणि १५५९ मध्ये दमण. नकाशा काढून बघा. वसई आणि दमण ह्यांच्या मधोमध आमचं डहाणू. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत ह्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता. पोर्तुगीज गेले, मिरची राहिली. तिला राखायला किल्ला लागला नाही, तोफ लागली नाही. एक सुकी मिरची फोडली की मूठभर बी निघतं. झोपडीमागे टाकलं की काही महिन्यांत झाड मिरच्यांनी लगडतं. मिरी तिजोरीत ठेवावी लागे, मिरची परसात आली. गरिबाला परवडणारा पहिला तिखटपणा हा. आज भारताइतकी सुकी मिरची जगात दुसरा कुठलाच देश पिकवत नाही, आणि आमच्या डहाणूतल्या वाणगावच्या पट्ट्यातून हिरव्या मिरचीच्या गोणी बाजारात जातात.

दुसरं खातं लिंबाचं, आणि इथे आमच्या हिचा चेहरा खुलला. लिंबाचं कूळ ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या पट्ट्यातलं. तिथून ते इराणात गेलं, अरबांनी ते भूमध्य समुद्राच्या काठाने स्पेनपर्यंत नेलं. १४९३ मध्ये कोलंबस दुसऱ्या सफरीला निघाला तेव्हा त्याने वाटेत कॅनरी बेटांवर लिंबू-संत्र्याच्या जातीची बियाणी घेतली आणि ती पलीकडच्या बेटांवर लावली. तिथून ती मेक्सिकोत शिरली. मेक्सिकोतला माणूस आज लिंबाला 'लिमोन' म्हणतो. इराणातलं 'लिमू' मधे ठेवलं की आपल्या 'लिंबू'शी नातं लागतंच.

म्हणजे बघा, मिरची तिकडून इकडे आली, लिंबू इकडून तिकडे गेलं, दोघं दोन समुद्र ओलांडून परक्या गावी उतरली आणि दोन्ही गावांतल्या माणसांनी, एकमेकांचं तोंडही न पाहता, दोघांचं मीठ घालून लग्न लावलं. डबल एंट्रीचं इतकं सुबक उदाहरण मला बी.कॉम.च्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

एकदा खातं उघडलं की बाकीच्या नोंदी निघतातच. मावशींच्या टोपलीत पुन्हा डोकावलो. मका? मेक्सिकोचा. पेरू? अमेरिका खंडातला. अननस? दक्षिण अमेरिकेतला. सोबतचे खारे शेंगदाणे? तेही दक्षिण अमेरिकेतले. कैरी आणि काकडी तेवढ्या आपल्या. आणि आंबा तर पुढे फिलिपिन्सच्या जहाजांतून मेक्सिकोला पोहोचला आणि तिथे मिरची लावून घेऊ लागला. १५६५ पासून १८१५ पर्यंत, अडीचशे वर्षं, मनिला आणि आकापुल्को ह्यांच्यामध्ये ही जहाजं जात-येत होती. आमच्या खात्यातही इतक्या नियमित बदल्या होत नाहीत.

आणि आता हृदयाला हात घाला, डहाणूकर. चिकू! ज्याच्या नावावर आमचं गाव चालतं, घोलवड-बोर्डीच्या इराणी आणि पारशी बागाईतदारांनी ज्याच्या वाड्याच्या वाड्या लावल्या, २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तो चिकूही दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. स्पॅनिश लोक त्याला 'चिकोसापोते' म्हणत. आपण नावाचा पुढचा भाग ठेवून बाकीचा सोडून दिला. त्याच्या झाडाचा चीक तो 'चिकले', आणि चुइंगम पूर्वी त्याचंच करत. गंमत अशी, की मिरची आणि चिकू हे दोघे एका गावचे, दोघेही समुद्रापलीकडून आलेले. पण डहाणूत ते एकमेकांना ओळख देत नाहीत. चिकूला तिखटमीठ लावून कुणी खात नाही. परगावी गेल्यावर गाववाल्यांना टाळणारी माणसं असतात, त्यातलाच प्रकार.

तलासरीच्या हमरस्त्यावर, गुजरातच्या हद्दीशी अच्छाडला, ट्रकांची रांग बघत उभं राहिलं की आणखी एक नोंद सापडते. प्रत्येक ट्रकच्या पुढे एक लिंबू आणि सात मिरच्या. लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी. तिला आंबट-तिखट आवडतं. ते दारातच मिळालं की ती खाऊन परत फिरते आणि आत येत नाही, अशी ही योजना. आमच्या शाखेच्या एटीएमवरही शिपायाने एक बांधलं आहे, आणि नोटा अडकायचं प्रमाण पाहता ते अजून लागू पडायचं आहे. ह्या प्रथेला लोक 'अनादी काळापासूनची' म्हणतात. व्हाउचर तपासलं तर तिच्यातलं लिंबू अनादी असू शकेल, मिरच्या मात्र पोर्तुगिजांच्या आधीच्या असू शकत नाहीत. त्यापूर्वी अलक्ष्मी काय खाऊन परत जात होती, ह्याचा खुलासा संबंधितांनी करावा.

राहिलं मीठ. ह्या त्रिकुटातलं अगदी घरचं, आमच्याच किनाऱ्यावर मिठागरांत उन्हाने पिकणारं. मिरची परकी, पण तिला कुणी परवाना विचारला नाही. मिठाला मात्र इंग्रजाने कर लावला. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचललं, २१ मे ला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही धरासणाच्या मिठागरावर चालून गेले आणि लाठ्या खात राहिले. धरासणा आमच्यापासून फार लांब नाही. डहाणूहून गुजरातच्या गाडीत बसायचं, वलसाडच्या पुढे. मिठावरचा कर गेला तो १९४७ साली. म्हणजे पेरूवर तीन चिमटी टाकताना जी चिमूट आपण सगळ्यांत निष्काळजीपणे टाकतो, तिच्यासाठी माणसांची डोकी फुटलेली आहेत.

आता हे तिघं एकत्र आले की तोंडाला पाणी का सुटतं, ह्याचं शास्त्रही बघून घेऊ. मिरचीतल्या कॅप्सेसिनला मुळात चव नाही. जिभेवर उष्णता ओळखणारी जी यंत्रणा असते, तिलाच ते चाळवतं, आणि मेंदूला वाटतं की तोंड भाजलं. ही यंत्रणा शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस ह्यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पक्ष्यांना हे कॅप्सेसिन जाणवतच नाही. म्हणून पोपट मिरची खाऊन वर 'मिठू मिठू' म्हणू शकतो आणि जातिवंत मराठी माणूस खाऊन हाय-हुय करतो. लिंबाच्या आंबटाने लाळ सुटते, मीठ कडवटपणा दाबून बाकीच्या चवी वर आणतं. वर पौष्टिकपणाचा बोनस: हिरव्या मिरचीत 'क' जीवनसत्त्व लिंबापेक्षाही कितीतरी जास्त असतं. हंगेरीत अल्बर्ट सेंट-जॉर्जी ह्यांनी ते ढीगभर मिळवलं ते लाल मिरच्यांतूनच, आणि १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. थोडक्यात, कोरडा घास घशाखाली उतरवायचा तर ह्याहून स्वस्त आणि ह्याहून खात्रीचं साधन माणसाला सापडलेलं नाही.

हे शेवटचं वाक्य लिहून मी थांबणार होतो. खाती जुळली होती, भाचा परत गेला होता, ही ताहीनची रिकामी बाटली हळदीसाठी वापरू लागली होती. पण ऑडिट व्हायचं होतं.

तलासरीच्या शाखेत एक म्हातारेबाबा महिन्याच्या महिन्याला पेन्शन घ्यायला येतात. एका पाड्यावरचे वारली. आधार कार्डावर त्यांची जन्मतारीख १ जानेवारी आहे. आमच्या तालुक्यात निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म त्याच दिवशी झालेला आहे. अंगठा मशिनवर उमटत नाही, कारण रेषा शेतात झिजल्या आहेत. मग तो पुसायचा, पुन्हा ठेवायचा, पुन्हा पुसायचा, ह्यात बराच वेळ जातो. त्या वेळात मी त्यांना माझा जमाखर्च ऐकवला. मिरची कुठून आली, लिंबू कुठे गेलं, डहाणूच्या चौपाटीवर मुंबईची माणसं पेरूला तिखटमीठ लावून कशी खातात. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. बँकेत यायला लागल्यापासून त्यांना ती सवय झाली आहे.

मग म्हणाले, "सायेब, पेरूला मिरची कशाला?"

"चव येते, बाबा."

"पेरूला चव हाय ना." त्यांनी अंगठा पुन्हा पुसला. "मिरची भाकरीला पाह्यजे. भाकरीला चव नाय."

"भाकरीबरोबर भाजी असेल ना?"

"मिरची तीच भाजी. मीठ, मिरची वाटायची. लिंबू गावला तर लिंबू."

मशीनने अंगठा ओळखला. पैसे मोजून घेऊन बाबा गेले. माझ्या जमाखर्चात मात्र फरक राहिला, आणि तो शोधायला मला जुन्या वह्यांत जावं लागलं.

ह्याच मुलखाची ती वही आहे. नागलीची भाकर किंवा तांदळाची पेज, पावसाळ्यात रानभाज्या. घशाला खाजू नये म्हणून काकडं घालून शिजवलेली शेवळं त्यांतलीच. पहिल्या पावसानंतर आपल्या बाजारात येतात आणि आपण कौतुकाने घेतो. बाकीचे दिवस मिरची आणि मीठ. नागली शेतातली, मिरची झोपडीमागची, आणि मीठ तेवढं विकतचं. कर होता तो नेमका त्याच्यावर. पण जमीनही बहुतेकांची स्वतःची राहिली नव्हती. ती सावकार-जमीनदारांकडे गेली होती. त्यांच्या शेतावर वेठ होती, म्हणजे बिनपगारी राबणं. आणि 'लग्नगडी' नावाची एक पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. मी कर्जखात्यावर चार वर्षं काम केलेलं आहे. कर्ज म्हटलं की मुद्दल असतं, व्याज असतं, हप्ता असतो आणि एक शेवटची तारीख असते. ह्या कर्जाला शेवटची तारीखच नव्हती. असं खातं आमच्या कुठल्याही लेजरमध्ये उघडता येत नाही, पण ते इथे पिढ्यान् पिढ्या चालू होतं.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे इकडचे वारली गेले, आणि २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात काही हजार वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने तिथे ठरलं, की वेठ करायची नाही. पुढे गवतकापणीचा हंगाम आला. इथलं गवत मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींसाठी जाई. मागणी अशी होती, की ५०० पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये मिळावेत. मी हिशेब करून पाहिला. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो, तेव्हा आजच्या शंभर पैशांच्या रुपयाने किलोला एक पैसा आणि वर थोडं. संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाचजण मेले, जेठ्या गांगड हे त्यांतलं एक नाव. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे ह्या साऱ्याचं पुस्तक १९७० मध्ये आलं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. मुंबईला सकाळच्या चहात जे दूध पडे, त्याच्या मागे हे गवत होतं, आणि गवताच्या मागे मिरची-भाकर.

वारली म्हटलं की आपल्याला चित्रं आठवतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे ह्यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या दिवाणखान्यातही वारली चित्राचे सहा कोस्टर आहेत. पाहुणे आले की त्यांच्यावर लिंबू-सरबताचे पेले ठेवले जातात.

आपल्याकडे पान वाढायची एक रीत आहे. वरच्या टोकाला मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. डावीकडच्या मंडळींना आपण 'तोंडी लावणं' म्हणतो. जेवण ते नव्हे, जेवणाला हातभार लावणारं. इंग्रजी हिशेबात डावी बाजू नावे असते आणि आपल्या जुन्या देशी कीर्दीत डावी बाजू जमा असते. ह्यावरून कॉलेजात आमचा फार गोंधळ व्हायचा. तिखट, मीठ आणि लिंबू हे तिघंही डाव्या बाजूचे. चौपाटीवर पेरू खाताना आपण पानाची डावी बाजू तेवढी उचलून मजेने बाहेर पडलेलो असतो, कारण उजवी बाजू घरी झाकून ठेवलेली आहे हे आपल्याला ठाऊक असतं. तिथून तासाभराच्या रस्त्यावर, माझ्याच काउंटरसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या लहानपणी, पानाला उजवी बाजूच नव्हती.

मिरची मेक्सिकोची की आपली, हा वाद आता आमच्या घरात होत नाही. ती ज्यांच्या भाकरीवर होती त्यांची. तिखटमिठाच्या इतिहासात एवढी एक नोंद राहिली होती, ती केली. आणि तिखटमीठ न लावता केली.